गाडीला हळद लागली

पाठीवर घर घेऊन हिंडणारे प्राणी जगात तीन. गोगलगाय, कासव आणि आमचे साडू. पैकी पहिले दोघे आपापल्यापुरतं घर नेतात, दुसऱ्याला बरोबर चला म्हणत नाहीत, आणि मुख्य म्हणजे निम्मा खर्च मागत नाहीत.

२०२४ च्या एप्रिलात एका रविवारी साडूंचा पार्ल्याहून फोन आला. "या मे महिन्यात हॉटेल वगैरे नको. हॉटेल ही कल्पना आता जुनी झाली." ज्या गृहस्थांनी आजवर आम्हाला एकदाही हॉटेलात नेलं नव्हतं, त्यांच्या लेखी ती जुनी केव्हा झाली हे मला कळेना.

"आपण कॅराव्हॅननं जायचं. चाकावरचं घर! आत पलंग, आत स्वयंपाकघर, आत बाथरूम."

"हे सगळं आमच्या डोंबिवलीच्या घरातही आहे," मी म्हणालो. "आणि त्याचे हप्ते फिटलेत."

पण साडू ऐकतात कुठे! ते एका औषधाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि मी बँकेत कारकून, त्यामुळे आमच्या घरातले सगळे ठराव त्यांच्याकडून येतात आणि माझ्याकडे फक्त अंमलबजावणीला येतात. शिवाय २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं होतं. ते धोरण सरकारनं आपल्यालाच उद्देशून काढलं आहे आणि आपण गेलो नाही तर शासनाला वाईट वाटेल, असा साडूंचा समज. आमची ही म्हणाली, "जाऊ या हो. ताईला तरी बरं वाटेल." आमच्या घरात 'ताईला बरं वाटेल' हे वाक्य रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकासारखं असतं. त्यावर चर्चा होत नाही, फक्त पोच द्यायची असते.

आता मी कॉमर्सचा पदवीधर. कुठल्याही गोष्टीत शिरण्यापूर्वी तिचा मागचा ताळेबंद बघायची सवय. तेव्हा थोडं वाचन केलं. ही हौस निघाली साहेबाची. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर, आरमारातून निवृत्त झालेला. त्यानं १८८५ साली दोन घोड्यांची एक ऐसपैस लाकडी गाडी बांधून घेतली, तिचं नाव ठेवलं 'वाँडरर', आणि दक्षिण इंग्लंडातून निघून थेट वर इन्व्हरनेसपर्यंत तेराशे मैलांची रपेट मारली. बरोबर गाडीवान होता, कुत्रा होता, आणि एक नोकर होता. हा नोकर तीनचाकी सायकलवरून गाडीच्या पुढे जायचा आणि रस्त्यात चढ-उतार, अडचण काय आहे ते बघून मालकाला कळवायचा. पुस्तक मिटताना माझ्या मनात एकच प्रश्न आला: आमच्या प्रवासात ती तीनचाकी कोण चालवणार? उत्तर माहीत असलेले प्रश्न माणसानं स्वतःला विचारू नयेत.

तसं पाहिलं तर स्टेबल्ससाहेबांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून बायकापोरांसह मुलूखभर हिंडत होते. पण ते पोटासाठी हिंडत असल्यामुळे त्याला पर्यटन कुणी म्हटलं नाही.

तर गाडी आली. मूळची ही चौदा माणसं नेणारी प्रवासी गाडी. आतल्या सीटा काढून तिथे चार पलंग, एक वीतभर ओटा, बोटभर सिंक, फ्रीज आणि बाथरूम इतकं बसवलं होतं. बाथरूम म्हणजे आमच्या बँकेतल्या लॉकरला नळ लावला तर जे होईल ते. कंपनीचा माणूस सगळं समजावून सांगत होता. "हे कॅसेट टॉयलेट." मी दचकलो. माझ्या पिढीच्या माणसाला कॅसेट म्हटलं की गाणी आठवतात. म्हटलं, आत बसल्यावर गाणी लागतात की काय? तर तसं नव्हे. खाली एक पेटी असते, ती भरली की ओढून काढायची आणि योग्य जागी रिकामी करायची. "कोण?" मी विचारलं. त्या माणसानं साडूंकडे पाहिलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. ठराव, अंमलबजावणी!

पाण्याची टाकी दीडशे लिटरची. बाहेरच्या अंगाला एक गुंडाळलेलं कापडी छप्पर होतं. दांडा फिरवला की ते पुढे येई आणि गाडीला मांडव घातल्यासारखा दिसे. कंपनीनं एक छापील सूचनापत्रही दिलं. त्यात 'उग्र वासाचे मसाले गाडीत वापरू नयेत' असं कलम होतं. त्याच्यावर हिनं आपला मिसळणाचा डबा ठेवला.

"अगं, हे कशाला?" साडू म्हणाले. साळी-मेहुणीच्या नात्यानं ते हिला एकेरीत म्हणतात. "आपण सँडविच वगैरे करणार. कॅराव्हॅनमध्ये कुणी फोडणी करतं का?"

"भाऊजी, हळद-मोहरीशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही," ही म्हणाली, आणि डबा फ्रीजच्या वर गेला. एक अडचण माझी वैयक्तिक होती. आम्हा बँकवाल्यांना प्रवासखर्चाची सवलत मिळते, तिच्या फॉर्मात रेल्वे, बस, विमान अशा वाहनांना जागा आहे, पण राहत्या घरानं प्रवास केला तर तो कुठल्या रकान्यात भरावा याची सोय नाही. तो फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय.

मनोर, विक्रमगड करत पहिला मुक्काम जव्हारला केला. जव्हार मला आवडलं. दीड हजार फूट उंचीवरचं मुकण्यांचं हे जुनं संस्थान. १९४८ साली ते विलीन झालं, पण राजवाडा अजून आहे, आणि संध्याकाळी दरीवरून येणारा वारा तर थेट संस्थानिकांच्या काळातला. जवळच शिरपामाळ. १६६४ साली सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजीमहाराजांचा मुक्काम तिथे पडला होता असं सांगतात. इतक्या फौजेचा मुक्काम माळावर फुकट झाला. आमच्या एका गाडीचा एका लॉजच्या अंगणात झाला, आणि अंगणाचं भाडं ऐकून मी सहज खोलीचा दर विचारला, तर तो दोनशेच रुपये जास्त होता. साडू म्हणाले, "पण अनुभवाची किंमत नसते." मी वहीत लिहून ठेवलं: अनुभव, अधिक दोनशे रुपये वाचले.

सकाळी स्नानं झाली. साडूंचं स्नान बाहेर बसलेल्या आम्हा सर्वांना ऐकू येत होतं. ते शॉवरखाली स्तोत्र म्हणतात आणि ते लांबलचक असतं. आल्यावर मी टाकीचा काटा पाहिला. दीडशेपैकी नव्वद शिल्लक. नऊ वाजता त्र्यंबकेश्वराच्या दिशेनं निघालो. दुपारचं जेवण तिथे, असा बेत.

जव्हार सोडलं की मोखाड्याकडचा रस्ता डोंगरांतून वळणं घेत जातो. मे महिन्यात सगळा मुलूख तापून उघडा पडलेला. साग निष्पर्ण, भाताची खाचरं राब भाजून काळी ठिक्कर पडलेली, आणि वर पांढरं आभाळ. पोशेऱ्याच्या अलीकडे एका चढावर ड्रायव्हर एकदम गप्प झाला. तो सकाळपासून बोलत होता, त्यामुळे मला ते जाणवलं. मग त्यानं एसी बंद केला. मग खिडक्या उघडल्या. आणि मग, काही न सांगता, गाडी रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली घेतली. पुढून वाफ अशी आली की आत कुणी इडल्या लावल्यात की काय!

"काटा लालवर गेला होता साहेब," तो म्हणाला.

बँकेत आमचाही काटा मार्चअखेर लालवर जातो, पण आम्हाला कुणी आंब्याखाली उभं करत नाही.

अर्धा तास इंजिन निवू दिलं. मग ड्रायव्हरनं गोणपाट ओलं करून रेडिएटरच्या झाकणावर टाकलं, हात लांब ठेवून ते हळूहळू फिरवलं, आणि आत डोकावून म्हणाला, "कोरडा." टाकीतलं दहा लिटर पाणी ओतलं. ते वरून गेलं तसं खालून येऊ लागलं. धार नाही, थेंब. पण बँकेत बावीस वर्षं काढल्यामुळे थेंबाथेंबानं केवढी रक्कम बाहेर जाते ते मला ठाऊक आहे. रेडिएटरच्या जाळीत कुठेतरी बारीक चीर गेली होती.

साडूंनी फोन काढला. रेंज नाही. तेवढ्यात वळणापलीकडून एक म्हातारे गृहस्थ आले, आमच्याकडे आणि वाफेकडे शांतपणे पाहून म्हणाले, "फोन लावायचा तर त्या खडकावर जावा. थितं लागतो." रस्त्याच्या वर एक काळा खडक होता. त्याच्या टोकावर उभं राहून, तोंड पूर्वेकडे केलं तर एक काडी यायची. साडू पुढचे चार तास तिथे होते. खालून पाहताना पुतळ्याचं अनावरण व्हायचं बाकी आहे असं वाटे.

कंपनीच्या मदत केंद्रानं आधी गाणं ऐकवलं, मग आपला कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं सांगितलं, मग पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगी आली. "सर, आपका लोकेशन?"

"पोशेरा."

"पुष्कर, सर?"

"पुष्कर नव्हे, पोशेरा! तालुका मोखाडा, जिल्हा पालघर!"

"ओके सर, पुष्कर में हमारा मेकॅनिक..."

राजस्थानातून मेकॅनिक निघण्यापूर्वी साडूंनी तिला थांबवलं हे नशीब. त्यावर ती म्हणाली की सिस्टिम डाउन आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा. खडकावरून साडू ओरडले, "अहो, सिस्टिम डाउन म्हणजे काय?" आता हे वाक्य मी काउंटरच्या आतल्या बाजूनं रोज म्हणतो. त्याचा अर्थ मी इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावून सांगितलाय की खालून तिथल्या तिथे व्याख्यान देऊ शकलो असतो. पण साडूंचा चेहरा बघून म्हटलं, नको. शेवटी नाशिकहून मेकॅनिक निघाला असं कळलं. चार तास लागतील. वेळेचा हिशेब मी 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकला.

ऊन चढलं. आम्ही दांडा फिरवून मांडव बाहेर काढला आणि खाली खुर्च्या टाकल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रस्त्यावर आम्ही एकटे नव्हतो. थोड्या अंतरावर एक विहीर होती. तिच्याभोवती हंडे, कळश्या, प्लास्टिकचे कॅन यांची रांग लागली होती, आणि रांगेच्या मालकिणी जिथे मिळेल तिथे सावली धरून बसल्या होत्या. बहुतेक बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. बाप्ये दिसत नव्हते. पोटासाठी वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर गेलेल्यांपैकी निम्मे अजून परतले नव्हते. आमचा मांडव पाहून पोरं आधी आली, मग एकेक करत आयाही आल्या, आणि अर्ध्या तासात आमच्या छपराखाली लग्नघरासारखी गर्दी झाली.

"तुम्ही पण वाट बघता का?" एकीनं हिला विचारलं.

"हो ना. मेकॅनिक यायचाय. तुम्ही?"

"टँकर यायचाय. काल येणार व्हता. काल तो पण असाच बंद पडला."

दोन्ही पार्ट्या वाहन बिघडल्यामुळेच बसलेल्या. इतकं साम्य निघाल्यावर ओळख व्हायला वेळ लागला नाही. पोरांना गाडी आतून बघायची होती. मेव्हणीनं दाखवली. ती बाहेर आल्यावर जी बातमी फुटली ती पलंगाची नव्हती, फ्रीजची नव्हती. "आत आंघोळीचा नळ हाय!" त्यावर एक म्हातारी आजी उठली, दारापर्यंत आली, शॉवरकडे वर बघितलं, आणि हिला अगदी सरळ मनानं विचारलं, "आणि पानी कुठलं?"

ही काही बोलली नाही. खडकावरच्या माणसाचं सकाळचं स्तोत्र आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असावं.

इथे मला जरा विषय सोडून बोलायचं आहे. मोखाड्यात पाऊस पडत नाही अशातला भाग नाही. शंभर इंचांच्या घरात पडतो. आम्ही डोंबिवलीत त्याच्या निम्म्यातच होडीची चौकशी करू लागतो. पण खाली काळा कातळ, वर उतार. पडलेलं पाणी जमिनीत न मुरता धावत सुटतं आणि वैतरणेला मिळतं. वैतरणेवर बांध आहेत, चांगले भक्कम. १९५७ सालचा मोडकसागर, आणि २०१४ सालचं मध्य वैतरणा धरण, जे याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला आहे. त्या पाण्याचे नळ निघतात ते मुंबईला. साडू पार्ल्यात शॉवर सोडतात तेव्हा त्यात या डोंगरांचा पाऊस असतो. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब धरतात. टंचाईच्या काळात खेड्यात टँकरचा हिशेब माणशी २० लिटरचा. आता मी कारकून माणूस, धोरणं ठरवणं माझं काम नाही. पण एवढा फरक जर आमच्या कॅशमध्ये आला असता, तर आम्हाला रात्रभर घरी जाऊ दिलं नसतं.

हिनं टाकीचा काटा बघितला. ऐंशी लिटर. मला काही न विचारता बाहेर येऊन म्हणाली, "आमच्याकडे थोडं पाणी आहे. आणा हंडे."

मला वाटलं गलका होईल. कुणी उठलं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मघाचीच ती हिशेब करून म्हणाली, "सात-आठ हंडे व्हतील. आमची रांग बघा केवढी. कुणाला द्यायचं नि कुणाला नाय? त्यापरीस भांडणं नकोत. तुमच्या गाडीला लागंल, ऱ्हाऊ द्या." मग जरा थांबून म्हणाली, "पोरास्नी प्यायला द्या. आन आजीला एक कळशी. तिला रांगेत उभं ऱ्हावत नाय." इतकंच घेतलं. मी आयुष्यात पुष्कळ रांगा पाहिल्यात, काचेच्या आतून. इतकी शहाणी रांग पाहिली नव्हती.

आणि मग ती आजी, कळशी नातवाकडे देऊन, आमच्या गाडीच्या पुढे जाऊन उकिडवी बसली. खाली टपटप चाललेलं बघत राहिली. तिला ते बघवेना. नातवाला म्हणाली, "घमेलं आण रं." घमेलं आलं, गाडीखाली सरकवलं गेलं, आणि मातीत जिरणारा टपटप आवाज टिंगटिंग असा वाजू लागला.

"आजी, त्यात औषध आहे," ड्रायव्हर म्हणाला. "प्यायचं नाही ते. गुरांनाही नका देऊ."

"मंग गाडीलाच परत घाल," आजी म्हणाली. "सांडतंय कशापायी?"

आमच्यात एक बी.कॉम., एक एम.बी.ए. आणि एक कंपनीचा प्रशिक्षित ड्रायव्हर. दीड तास आम्ही ते थेंब नुसते बघत होतो.

दोनच्या सुमाराला खालच्या वळणावर घरघर ऐकू आली. रस्त्याचा नूर पालटला. पोरं ओरडत धावली, बायका हंडे गाठायला पळाल्या, आणि एक जुनाट दहा हजार लिटरचा टँकर डुलत डुलत विहिरीपाशी येऊन उभा राहिला. त्यानं पाइप विहिरीत सोडला. पाणी आधी विहिरीत पडतं आणि मग बायका दोर टाकून ते वर ओढतात. दहा हजार भागिले वीस, म्हणजे पाचशे माणसं, असा हिशेब मी करत होतो तोवर काठावर चारी बाजूंनी पोहरे सुटलेही होते.

टँकरचा ड्रायव्हर विडी पेटवून आमच्याकडे आला. खाली वाकला. घमेलं बघितलं, जाळी बघितली, बोटानं थेंब पुसून बघितला. पदवी न विचारता मी त्याला त्याच क्षणी तज्ज्ञ मानलं, कारण त्यानं आमच्यासारखा मान हलवण्यात वेळ घालवला नाही. उभा राहून त्यानं एकच प्रश्न विचारला.

"हळद हाय का?"

आमच्या हिचं तोंड त्या वेळी बघायला हवं होतं! लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण स्वतःच्या लग्नातही ती इतकी उजळलेली मला आठवत नाही. ती आत गेली आणि दोन्ही हातांत मिसळणाचा डबा घेऊन अशी बाहेर आली, की वाजंत्री तेवढी कमी होती. खडकाकडे तोंड करून, सगळ्या पोशेऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "भाऊजी, हळद चालेल ना गाडीत?"

साडूंना रेंज नसावी. उत्तर आलं नाही.

टँकरवाल्यानं दोन मोठे चमचे हळद एका तांब्यात कालवली आणि रेडिएटरमध्ये ओतली. घमेल्यातलं पाणी फडक्यानं गाळून वरून घातलं, उरलेलं आमच्या टाकीतलं. मग झाकण लावून इंजिन चालू करायला सांगितलं. तत्त्व साधं आहे. हळदीची पूड गरम पाण्यात फुगते, पाणी बाहेर पडायला बघतं तिथे त्याच्याबरोबर जाते आणि चिरेत अडकून बसते. पाच मिनिटं पिवळे थेंब पडले. मग पडायचे थांबले.

"किती दिवस टिकेल हे?" मी विचारलं.

"सायेब," तो टँकरकडे हात करून म्हणाला, "हा चार वर्सं हळदीवरच चाललाय."

काल तो बंद का पडला होता, हे मी विचारलं नाही. मंगल कार्यात असे प्रश्न विचारू नयेत. वर मांडव होता, खाली हळद लागली होती, आजूबाजूला वऱ्हाड होतं. एका बाईनं हसत हसत बोटभर हळद डब्यातून घेतली आणि आमच्या गाडीच्या काचेला लावली. मग दुसरीनं आमच्या हिला लावली, मग मेव्हणीला. साडू खाली उतरले तेव्हा पोरांनी त्यांच्याही शर्टाला पिवळे पंजे उमटवले. पांढरा शर्ट, ब्रँडेड. मेव्हणी इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'ताईला बरं वाटेल' ही नोंद त्या क्षणी पूर्ण झाली असं मी धरतो.

टँकरवाल्याला पैसे देऊ केले. त्यानं घेतले. मला ते बरं वाटलं. नाहीतर अशा गोष्टींत तो 'नको साहेब' म्हणतो आणि लेखकाची सोय होते. त्यानं शंभराच्या दोन नोटा घेतल्या, एक परत केली, कारण "हळद तुमचीच व्हती." असा प्रामाणिक विनियोग मी आमच्या ऑडिटमध्येही पाहिलेला नाही.

मांडव गुंडाळला. रिकामा टँकर पुढे, आम्ही मागे, अशी मोखाड्यापर्यंत वरात निघाली. चढ आला की तो हात बाहेर काढून हळू घ्यायची खूण करी. स्टेबल्ससाहेबांच्या त्या तीनचाकीचं काम आमच्या बाबतीत सरकारी टँकरनं केलं. मागच्या काचेतून मी बघितलं, विहिरीच्या काठावरची गर्दी तशीच होती. दोर खाली जात होते, वर येत होते. आजीचं घमेलं आमच्याबरोबर आलं तर नाही ना, म्हणून हिनं दोनदा गाडीत शोधलं. नव्हतं.

मोखाड्यात कंपनीचा मेकॅनिक भेटला. आठ तासांनी. चार तास हा कंपनीचा अंदाज होता, आणि अंदाजपत्रक दुप्पट होणं हे आपल्याकडे रीतीला धरून आहे. त्यानं बॉनेट उघडलं, नाक वर केलं आणि विचारलं, "आत भाजी केली होती का?"

त्र्यंबकेश्वराला पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले. देऊळ बंद. दुपारचं जेवण रात्री झालं. साडूंनी झोपण्यापूर्वी शॉवर घेतला की नाही ते मी पाहिलं नाही. पण सकाळी हिशेबाला बसलो तेव्हा टाकीचा काटा होता तिथेच होता.

घरी परतल्यावर आठवड्यानं अनामत रकमेतून कापलेल्या पैशांचा तपशील आला. 'शीतकरण यंत्रणेत परकी वस्तू टाकल्याबद्दल सफाई: दोन हजार आठशे रुपये. काचेवरील पिवळे डाग: तीनशे.' साडू द्यायला तयार होते. मी नाही. मी बँकेच्या पद्धतीनं दोन पानी खुलासा लिहिला. परकी वस्तू नसती तर गाडी ओढून न्यावी लागली असती, ओढून न्यायचा दर अमुक, सबब कंपनीचा निव्वळ फायदा तमुक, असं सगळं मांडलं. शेवटी हिच्या आग्रहावरून 'हळद, मोठे चमचे दोन' एवढी रक्कम आमच्या नावे जमा करण्याची विनंती केली. मसुदा वाचून ही म्हणाली, "तीन लिहा. एक आम्ही बायकांनी लावून घेतली."

मी ती वेगळी दाखवली. कंपनीच्या नावे घालता आली नसती.